निळाईतला गणपती

सन एकोणीसशे चौऱ्याहत्तर. गणेश चतुर्थीची सकाळ. मी सरकारांच्या बंगल्याच्या आवारात शाळेच्या गणपतीसाठी दूर्वा खुडत होते. आदली रात्र हरितालिकेच्या जागरणात गेलेली, डोळे चुरचुरत होते. तेवढ्यात प्रतापबाबा तोंडात दंतमंजन तसंच ठेवून मागच्या अंगणातून धावत आले.

"अनसूया! गाडी कुठाय?"

"कुठली गाडी, बाबासाहेब?"

"कुठली काय! निळाई! गॅरेज उघडंच पडलंय!"

मी परडी घेऊन तशीच मागे गेले. गॅरेजची दारं सताड उघडी. आत तेलाचा एक काळा डाग, आणि भिंतीला टांगलेली खसाची, म्हणजे वाळ्याची, जुनी पेंडी. गाडी नव्हती.

निळाई म्हणजे काय, ते आजच्या माणसाला सांगावंच लागेल. आमचं रेठगाव कृष्णाकाठचं, जहागिरीचं. जहागीरदारांना गाव सरकार म्हणायचं. त्यांच्या पत्नी काकीसाहेब तरुणपणी घोड्यावरून पडल्या आणि त्यांचे पाय कमरेपासून गेले. सरकारांनी परदेशातून नुसता सांगाडा आणि इंजिन मागवलं आणि वरची गाडी गावात बांधून घेतली. सुतारांनी सागवानी चौकट केली, तांबटांनी पत्रा ठोकला, कासारांनी पितळेचे दिवे आणि कड्या ओतल्या. मोराच्या गळ्यासारखा निळा रंग. गाडीची मागची बाजू सबंध खाली उघडायची आणि उतरत्या फळीसारखी जमिनीला टेकायची. त्या फळीवरून काकीसाहेबांची चाकांची खुर्ची आत ढकलायची, तळाच्या दोन पितळी कड्या चाकांत अडकवायच्या, की खुर्ची जाग्यावर पक्की. खिडक्या बसलेल्या बाईच्या नजरेला येतील इतक्या खाली. उन्हाळ्यात आत खसाचे पडदे असत, त्यामुळे गाडीला बारमाही खसाचा वास. अशी दुसरी गाडी हिंदुस्थानात नाही, असं बाहेरची माणसंही म्हणायची.

सरकार गेले, जहागिरी त्याआधीच गेली होती. काकीसाहेबांनी कन्याशाळा काढली आणि ती त्या गाडीवर चालवली. एखादी मुलगी शाळेत यायची बंद झाली की निळाई तिच्या दारात उभी राहायची. मागची फळी खाली यायची, आणि काकीसाहेब आतून बापाशी बोलायच्या.

माझ्याही दारात ती आली होती. चौथीनंतर माझ्या वडिलांनी माझी शाळा सोडवली. ते म्हणाले, "काकीसाहेब, तुम्ही जावा आता. विचार करून सांगतो."

काकीसाहेब म्हणाल्या, "करा की विचार. मी आहे इथंच. मला बसायचा कंटाळा येत नाही."

संध्याकाळपर्यंत गाडी आमच्या दारात होती. सगळी कासार गल्ली बघायला जमली. दिवेलागणीला वडिलांनी हात जोडले. पुढं मी त्याच शाळेत मास्तरीण झाले.

चोरी झाली तेव्हा काकीसाहेब गावात नव्हत्या. डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी कोल्हापूरच्या दवाखान्यात होत्या, आणि चतुर्दशीच्या विसर्जनाला घरी यायचंच असं डॉक्टरांना बजावून बसल्या होत्या. त्यांच्या पाठीमागं काय ठरलंय हे मला त्या सकाळीच कळलं, कारण प्रतापबाबा डोक्याला हात लावून गॅरेजच्या उंबऱ्यावर बसले आणि म्हणाले, "आज दुपारी मुंबईचा माणूस येणार गाडी न्यायला! त्याला काय सांगू?"

"गाडी न्यायला?"

"विकली गं. कागद झाले."

प्रतापबाबा सरकारांचे पुतणे. गाडी त्यांच्या नावावर होती. माणूस वाईट नव्हता. बंगल्याचं छत गळत होतं, दोन पोरं बोर्डिंगात होती, आणि चार भिंतींतलं दुखणं कुणाला सांगायची त्यांच्या घराण्यात रीत नव्हती.

"काकीसाहेबांना विचारलं?" मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. "त्यांच्या डोळ्यांवर ताण नको, म्हणालेत डॉक्टर."

फौजदार नलवडे आले. निळाईचा चालक दस्तगीरचाचा गॅरेजच्या पायरीवर शांतपणे विडी ओढत बसला होता. फौजदारांनी त्यालाच धरलं.

"दस्तगीर, गाडी कुठाय?"

"साहेब, चावी काल संध्याकाळीच बाबासाहेबांनी मागून घेतली. त्यांच्याच उशाखाली आहे. बिनचावीची गाडी मी काय खिशात घालून नेली?"

"चाकाच्या खुणा तरी दिसायला पाहिजेत!" फौजदार फाटकाबाहेर गेले. बाहेर शेणाचा ताजा सडा, आणि फाटकापासून समोरच्या मांडवापर्यंत लांबलचक रांगोळी. तिच्यावर पाय पडू नये म्हणून फौजदार एका पायावर थांबले.

"ही कुणी काढली?"

"मी," मी म्हटलं. "गल्लीतल्या सगळ्या बायकांनी. पहाटे जागरण संपल्यावर. मंडळानंच सांगितलं होतं, यंदा रांगोळी मोठी पाहिजे म्हणून."

मांडव तांबट गल्लीच्या मंडळाचा. त्याचा अध्यक्ष यशवंत पेंटर, दुकानांच्या पाट्या रंगवणारा, उंच, सडसडीत, बोटांना कायम रंग. त्यानं मांडवाचा पडदा घट्ट ओढून घेतला होता आणि स्वतः पडद्यासमोर स्टुलावर बसला होता. फौजदार तिकडं वळताच तो उठला.

"साहेब, आत नको."

"का?"

"देखावा. प्रतिष्ठापनेआधी पडदा उघडत नाही. गेल्या वर्षी बाजार गल्लीवाल्यांनी आमचं कालियामर्दन बघितलं, आणि दोन दिवसांत त्यांच्या मांडवात आमच्यापेक्षा मोठा नाग! साहेब, तुम्ही राहायला बाजार गल्लीत."

जमलेली माणसं हसली. फौजदारही हसले, टोपी स्टुलावर ठेवून घाम पुसला, आणि नाक्यावर माणसं पाठवायला निघून गेले. आमच्याकडं गणपतीचा पडदा म्हणजे पडदा. जिल्ह्याचा साहेब आला तरी बाहेरच थांबायचा.

दुपारी मुंबईचा पाहुणा आला. जालभाई त्यांचं नाव, पारशी. पिकलेल्या मिशा, पांढरी पॅन्ट, हातात काठी. जुन्या गाड्यांचा नाद. गाडी चोरीला गेल्याचं ऐकून ते रागावले नाहीत, नुसते खचल्यासारखे ओट्यावर टेकले.

"अरे, तीन वरस मी फोटो बघून झोपते," ते म्हणाले. "शिकारीची अशी गाडी दुसरी नाय. मागून फळी पाडायची, बिबट्या वर ओढायचा, कड्यांना बांधायचा. सरकार मोठा शिकारी असेल, नाय?"

मी प्रतापबाबांकडं बघितलं. ते धोतराच्या निऱ्या सारख्या करत होते.

"शिकारीची नाही ती," मी म्हटलं. "ती काकीसाहेबांची..."

"अनसूया, पाहुण्यांना सरबत आण," प्रतापबाबा म्हणाले.

मी सरबत आणलं आणि जालभाईंच्या हातात पेला देताना पुन्हा म्हटलं, "साहेब, त्या गाडीवर बाईमाणसाचं सगळं हिंडणं-फिरणं आहे."

"प्रतापराव बोलले मला, बाई आता बिछान्यातून उठत नाय. बिचारी." ते हळू आवाजात म्हणाले. "डिकरी, पोरी, सह्या झाल्या. आता मी काय करू?"

तेवढ्यात समोर ताशा वाजायला लागला. गल्लीचा गणपती पूर्वीपासून सरकारांच्या हातून बसायचा. सरकारांनंतर तो मान प्रतापबाबांचा. गाडी जावो नाहीतर घर जावो, मुहूर्त थांबत नव्हता. ते सोवळं नेसून मांडवात गेले. भटजींनी पडद्यामागं त्यांच्या हातून संकल्प सोडवला, मूर्तीच्या हृदयाला दूर्वा लावून प्राणप्रतिष्ठा झाली, आणि यशवंतानं पडदा बाजूला ओढला.

गर्दीतून "आ!" असा आवाज उठला. निळ्याशार पाण्यात तरंगणारी भली मोठी नाव. कळकाच्या कामट्या, पुठ्ठा, कापूस, वर सोनेरी शीड. बाजूंनी कमळं. नावेत मधोमध गणपती. गेल्या वर्षीच्या नागाचा पार विसर पडला.

मी आरतीला पुढं उभी होते. धूप होता, कापूर होता, झेंडू होता. आणि त्या सगळ्याच्या खालून, अगदी बारीक, खसाचा वास येत होता.

मी आरती म्हणायची थांबले. मी नावेच्या तळाकडं बघितलं. मग रांगोळीकडं बघितलं. मग यशवंताकडं. तो टाळ वाजवत माझ्या शेजारी सरकला आणि तोंड न हलवता म्हणाला, "मास्तरीणबाई, वास नंतर घ्या. आरती म्हणा."

"तुम्ही लोकांनी..."

"तुमच्या फुगड्यांचा गलका इतका होता, की गाडी ढकलताना आमचा आवाजच कुणाला ऐकू गेला नाही. आभारी आहे."

"आणि सडा?"

"त्याबद्दल पण."

आरती संपली. जालभाई टोपी घालून नमस्काराला वाकले. पारशी माणूस, पण भक्तिभावानं वाकले, आणि वाकलेलेच राहिले. मग काठीच्या टोकानं त्यांनी एक कमळ अलगद बाजूला केलं. कमळामागं चाक होतं.

ते उठले. चेहरा लालबुंद झाला होता. मला वाटलं आता ओरडणार. पण हसू त्यांना आवरेना.

"प्रतापराव," ते म्हणाले, "तुमचा गणपती माझ्या गाडीत बसला!"

प्रतापबाबा पुढं आले, वाकून बघितलं, आणि यशवंतावर कडाडले, "उतरवा! आत्ताच्या आत्ता मूर्ती उतरवा!"

भटजी मध्ये आले. "बाबासाहेब, कशी उतरवायची? संकल्प तुम्ही सोडलाय. तुमच्याच तोंडानं म्हणालात, अनंत चतुर्दशीपर्यंत. प्राण तुमच्याच हातानं घातलेत."

"मला काय माहीत खाली काय आहे!"

"देवाला माहीत होतं की," मागून कुणीतरी बाई म्हणाली.

फौजदार टोपी शोधत आले होते. प्रतापबाबा त्यांच्याकडं वळले. "नलवडे, माल सापडलाय. आरोपी धरा!"

फौजदारांनी मांडवभर नजर फिरवली. गल्लीतली झाडून सगळी माणसं हात जोडून उभी. "कुणाला धरू, बाबासाहेब?" ते म्हणाले. "माल ज्याच्या ताब्यात आहे तो वर बसलाय."

जालभाईंनी प्रतापबाबांच्या खांद्यावर हात ठेवला. "राहू दे. देवाच्या आसनाला मी हात नाय लावणार. चतुर्दशीला येते, विसर्जन झालं की घेऊन जाते."

मग ते दहा दिवस सुरू झाले. गावोगावची माणसं देखावा बघायला यायची, खाली गाडी आहे हे एकमेकांना दाखवायची, पुरुष हसायचे. बायका मात्र दर्शन घेऊन झालं की पुठ्ठ्याखाली हात घालून मागच्या फळीला हात लावून जायच्या. मला तेवढं पुरेना. दस्तगीरचाचाच्या मदतीवाचून गाडी हललीच नसती, म्हणून मी त्यालाच गाठलं.

"चाचा, हे सगळं करून मिळालं काय? दहा दिवस. मग तो नेणारच ना? काकीसाहेब आल्या तरी काय करणार? नाव त्यांचं नाही, कागद त्यांचा नाही."

"बेटी, त्यांना घेऊन यायला कोण जाणार आहे?"

"मी. टॅक्सी करून."

"मग एवढं कर. घरी आणू नको. सरळ घाटावर आण."

"पण का?"

"आधी विसर्जन होऊ दे," चाचा म्हणाला, आणि विडी पेटवली. त्याच्यापुढं बोलण्यात अर्थ नव्हता.

चतुर्दशीला मी कोल्हापुरात पोचले. काकीसाहेब काळा चष्मा लावून, लुगडं चापूनचोपून, तयार होऊन बसल्या होत्या. टॅक्सीवाल्यानं आणि दवाखान्यातल्या एका माणसानं त्यांना काखेत धरून उचललं. त्यांचं डोकं दाराला लागलं, पदर घसरला.

"अरे, जरा बेतानं," त्या म्हणाल्या. "मी गव्हाचं पोतं नव्हे."

खुर्ची टपावर दोरीनं बांधली. काकीसाहेब मागच्या सीटवर एका कुशीवर कलंडल्या होत्या, वळणावर मला त्यांना धरावं लागत होतं. इतक्या वर्षांत मी त्यांना असं कधी बघितलं नव्हतं. बरंच अंतर गेल्यावर त्यांनी पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "निळाई का नाही आली?"

"गणपतीच्या कामात आहे," मी म्हटलं. खोटं नव्हतं.

"असं? मग असू दे."

घाटावर पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. नाव मोडून टाकलेली, निळाई उघडी पडली होती, गुलालानं माखलेली. मंडळाच्या पोरांनी तिला दोरांनी ओढत आणलं होतं. मागची फळी खाली सोडून तिच्यावरून मूर्ती उतरवली, आणि यशवंत छातीभर पाण्यात जाऊन बुडी मारून आला. जालभाई काठावर उभे होते. प्रतापबाबांनी चावी त्यांच्या हातात दिली.

जालभाईंनी ती दस्तगीरचाचाकडं केली. "एकदा चालवून दाखव, मियाँ. इंजिन ऐकू दे."

"रिकामी कशी दाखवू, शेट?" चाचा म्हणाला. "जिची गाडी ती बसली की दाखवतो."

प्रतापबाबांनी वळून बघितलं. मी खुर्ची ढकलत येत होते. चाकांखाली गुलाल, ओली वाळू, दूर्वा. गर्दी आपोआप दुभंगली. काकीसाहेबांना कुणी काही सांगितलं नव्हतं, आणि त्यांनी काही विचारलंही नाही. घरच्या उंबऱ्यातून आत जावं तसं त्यांनी पदर सावरला, हात मांडीवर घेतले. मी खुर्ची फळीवर चढवली. चाकं सागवानात पडलेल्या जुन्या चाकोरीत बसली. चाचानं वाकून एक कडी लावली. खट्ट. दुसरी लावली. खट्ट.

जालभाई त्या कड्यांकडं बघत राहिले. कड्या आणि चाकं एकमेकांसाठी घडवलेली होती, हे समजायला गाड्यांचा नाद लागत नव्हता.

"बिबट्या," ते प्रतापबाबांना हळूच म्हणाले. "तुम्ही बिबट्या बोलला होता."

प्रतापबाबांनी खाली बघितलं.

त्या क्षणाला मला कळलं, चाचाला दहा दिवस कशासाठी हवे होते. त्याला गाडी लपवायची नव्हतीच. त्याला ही एवढी एक गोष्ट एका माणसाला दाखवायची होती, आणि ती सांगून भागण्यातली नव्हती. मी सांगून बघितली होती.

"दस्तगीर," काकीसाहेब आतून म्हणाल्या, "गाडीत कापराचा वास कसा काय?"

"गणपती बसले होते, काकीसाहेब."

"दहाही दिवस?"

"दहाही दिवस."

"बरं झालं. मी नव्हते तर मोकळी तरी नाही राहिली." मग त्यांनी चष्मा किंचित वर केला. "हे पाहुणे कोण? उभे का? बसा की पुढं. प्रताप, तूही बस. आधी शाळेकडं घे रे. नव्या डोळ्यांनी बघायची आहे. अनसूया, कोण येईना झालंय?"

"सुतारांची हौसा. तिच्या बापानं..."

"मग हौसाकडनं चल."

इंजिन पहिल्या फिरकीला लागलं. जालभाई पुढं बसले होते, पण सबंध वाटभर मान मागं वळवून. एकदा त्यांनी विचारलं, "बाई, ही गाडी कोणी मागितली तर विकाल?"

"विकीन की," काकीसाहेब म्हणाल्या. "पाय विकायला काढले, की आधी तुम्हालाच कळवते."

प्रतापबाबा खिडकीबाहेर बघत होते. त्यांचे डोळे भरले होते.

हौसाच्या दारात फळी खाली आली. हौसाचा बाप गुलाल पुसत बाहेर आला आणि जागीच थबकला. "काकीसाहेब, आज तरी... विसर्जनाचा दिवस..."

"तुमचं चालू द्या. मी बसलेय."

जालभाई उतरले, काठी टेकत ओसरीवर गेले आणि हौसाच्या बापाशेजारी ऐसपैस बसले. "मी पण बसते," ते म्हणाले. "मला पण घाई नाय."

हौसा दुसऱ्या दिवशी शाळेत आली.

रात्री निघताना जालभाई प्रतापबाबांना म्हणाले ते मी ऐकलं. "केलेला सौदा मी मोडत नाय. गाडी माझी. पण माझ्या गॅरेजमध्ये जागा नाय, प्रतापराव. बाई हाय तोवर इथेच राहू दे. आणि ड्रायव्हर हाच पाहिजे."

प्रतापबाबांनी नुसते हात जोडले.

फौजदारांनी तक्रार मिटवली. पुढं त्यांची बदली झाली, तरी निवृत्तीनंतर ते बाजार गल्लीतच राहिले आणि शेवटपर्यंत सांगत राहिले, की माल त्यांनीच शोधला. प्रतापबाबांनी गळतं छत दुरुस्त केलं, आणि त्या साली निळाईवर नवा रंग स्वतः उभं राहून चढवून घेतला. पुढची कितीतरी वर्षं गल्लीचा गणपती त्यांच्याच हातून बसला, पण संकल्प सोडण्याआधी ते आसनाखाली एकदा वाकून बघायचे, आणि सगळा मांडव हसायचा.

दस्तगीरचाचानं काकीसाहेब असेतोवर गाडी चालवली. त्या गेल्या त्या दिवशी त्यानं कड्यांना तेल दिलं, चावी मुंबईला पाठवली, आणि मग कधी कुठली गाडी चालवली नाही. काकीसाहेब होत्या तोवर जालभाई दरवर्षी चतुर्दशीला यायचे. पुढं बसायचे, मागं मान वळवून.

यशवंत पेंटरांशी माझं लग्न झालं. हरितालिकेचा उपास मला फळला, असं मी म्हणायचे. ते म्हणायचे, उपास नव्हे, रांगोळी. त्यांना जाऊन आता चार वर्षं झाली.

गेल्या हिवाळ्यात जालभाईंच्या मुलानं मुंबईला जुन्या गाड्यांच्या मेळ्यात मला बोलावलं. माझे गुडघे गेलेत, मी आता चाकांच्या खुर्चीवर असते. हौसा बरोबर आली. कन्याशाळेची मुख्याध्यापिका म्हणून ती निवृत्त झाली, तिच्याच हातात माझी खुर्ची होती. निळाई रांगेत मधोमध उभी होती, आणि शेजारच्या पाटीवर एकच ओळ होती: रेठगावच्या काकीसाहेबांची गाडी.

मुलानं काही न विचारता मागची फळी खाली सोडली. हौसानं मला वर चढवलं. आत खसाचा पडदा नवा लावलेला होता. कड्या काही लागल्या नाहीत, आताच्या खुर्च्यांची चाकं बारीक.

"मग कसं?" मुलगा म्हणाला.

"मी धरते की," हौसा म्हणाली, आणि खाली बसून दोन्ही हातांनी चाकं घट्ट धरली. "चला. हळू घ्या."